तिसऱ्या सर्व्हरचं वजन

"मंगळवार, १२ मार्च २०१९. तिसऱ्या सर्व्हरचं वजन कुणीतरी पाचावरून एकावर आणलंय," त्स्वेतानानं सकाळी वहीत नोंदवलं.

रूसे शहराच्या ग्रंथालयात तो जुना सर्व्हर तीच सांभाळायची. वजन म्हणजे वाचकांचा किती वाटा त्या यंत्राकडे पाठवायचा, तो आकडा; तो कमी झाला, की संकेतस्थळाचे वाचक दुसऱ्या यंत्रांकडे वळत. आणि या आठवड्याची मोजणी झाली, की सर्वांत रिकामा सर्व्हर, त्याच्या माणसासकट, काढणार होते.

"प्लामेन, हे उद्योग तुझे?"

"मावशी, म्हातारं यंत्र आहे, जरा आराम मिळू दे!" शेजारचा सर्व्हर सांभाळणारा तो तरुण म्हणाला.

"नेमका मोजणीच्या आठवड्यातच तुला त्याचा पुळका आला?"

तो हसत आपल्या यंत्राकडे वळला. तिनं पुन्हा पाच लिहिले, तासभर वाचकसंख्येच्या आलेखावर डोळा ठेवला आणि निघताना पासवर्ड बदलला.

आकडा पाचावर टिकला होता, म्हणून संध्याकाळी घरी त्याच वहीत तिनं रोजचंच लिहिलं: भाजलेल्या मिरच्यांच्या दोनच बरण्या उरल्या.