सोमवारच्या मोकळ्या ओळी

"तुमच्यात अंगात येतं म्हणतात ना त्याला? आधी तिकडं दाखवून या."

आमच्या शहरातल्या कोठी भागात मेंदूच्या डॉक्टरांकडं अपॉइंटमेंट लिहिणारी बाई माझ्या ताईला हे म्हणाली. काल. ताईच्या मांडीवर चार वर्षांची चिमी. आठवड्यात तीनदा फिट आलेली.

त्याच्या पाच मिनिटं आधी हीच बाई खूश होती. "अगंबाई, मराठी का? इथं आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं." मग आडनाव विचारलं. ताईनं हळू सांगितलं. आम्हाला घरात तसंच शिकवलंय, नव्या माणसापुढं आडनाव हळू. बाईचा चेहरा बंद. तारीख दोन महिन्यांनंतरची. ताई म्हणाली, पोरगी निळी पडते हो. त्यावर हे अंगात येणं.

आमच्या आजोबानं देव्हारा नदीत सोडला. तेव्हापासून आमच्या घरात कुणी घुमलेलं नाही. आणि मी? दर रविवारी गौलीगुड्याच्या चौकात जातीविरुद्ध पत्रकं वाटते, भाषण ठोकते. त्या टेबलापुढं आधी गप्प. त्याची लाज जात नाही.

मागून एक पुण्याच्या बाई आल्या. आडनाव खणखणीत सांगितलं. मुलाचं अधूनमधून डोकं दुखतं म्हणाल्या. सोमवार मिळाला.

मी टेबलावरची अपॉइंटमेंटची वही माझ्याकडं फिरवली. सोमवारच्या पानावर अजून चार ओळी मोकळ्या. बाकावरच्या सगळ्यांना कळावं म्हणून इथल्या दखनी बोलीत विचारलं, "सोमवार को चार जगा खाली हैं. किसके वास्ते रखे जी?"

नातवाला घेऊन बसलेली एक म्हातारी मुसलमान खाला उठली. "मेरे कू भी दो महिने बाद का बोले. जगा नै बोलके."

मी पेन काढलं. चिमीचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. खालच्या ओळीत, खालाला विचारून, तिच्या नातवाचं.

"खोडून टाकीन मी," टेबलामागची बाई म्हणाली.

"खोडा. आत्ता, यांच्यासमोर."

तिनं खोडलं नाही. वही मिटून ड्रॉवरमध्ये टाकली.

बाहेर आल्यावर ताई माझ्यावरच चिडली. आता दारातसुद्धा उभं करणार नाहीत म्हणाली. नाही करणार, तर नाही. सोमवारी चिमीला घेऊन मी त्याच टेबलापुढं असणार. नाव खोडलेलं असलं तर त्याच ओळीवर परत लिहीन. आडनाव विचारलं तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगीन. डॉक्टर चिमीला तपासेपर्यंत मी तिथून हलणार नाही.