आत्याचे पाय पडद्यावर

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझ्या आत्याचे पडद्यावर दिसले. फक्त पायच.

आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते, गुडघ्यांना रोज शिव्या घालते आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं थेट पेनाने सोडवते. हिंदी सिनेमा काळा-पांढरा होता तेव्हा ती तेवीस चित्रपटांत कथक नाचली. एकाही चित्रपटाच्या सुरुवातीला तिचं नाव आलं नाही. आता पायांना कुठे नाव असतं?

परवाच्या रविवारी मी लेकीला तिच्याकडे घेऊन गेले, त्यामागे माझा डाव होता. लेकीचं शिक्षण नुकतंच संपलंय, चांगल्या नोकरीचं पत्र हातात आलंय आणि बाईसाहेबांना नोकरी नको, एका नृत्यसंस्थेत जायचंय. कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. माझं समजावून झालं, रडून झालं, जेवण सोडूनही झालं, एका वेळचं. शेवटी म्हटलं, नाचून जिच्या हाती काही लागलं नाही, तिच्याच तोंडून ऐकू दे.

"आत्या, हिला ती तिळाची गोष्ट सांग."

"त्यासाठी आलात होय! मला वाटलं, मला भेटायला आलात."

टोमणा मारून झाल्यावर तिने सांगितलीच.

अठराव्या वर्षापर्यंत तिची गुरुजींकडे दहा वर्षं तालीम झाली होती. तेवढ्यात एका स्टुडिओचे डान्स मास्तर घरी आले. त्यांची नायिका दिसायला चंद्रासारखी, पण ताल धरून पाय आपटायची वेळ आली की पलंगाचे पाय तिच्याहून बरे. माझे आजोबा कडक. ते म्हणाले, "मुलगी सिनेमात गेली तर लोकांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तोंड दाखवायचंच नाहीये," मास्तर म्हणाले. "नुसते पाय."

आजोबांनी विचार केला. घराण्याची अब्रू तोंडात असते, पायांबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. "पायांचं चालेल," ते म्हणाले. त्या दोन शब्दांवर आत्याची कारकीर्द उभी राहिली आणि तिथेच बसली.

कंबर ही सरहद्द. वर नायिका, खाली आत्या. पण पहिल्याच चित्रपटात घोळ झाला. आत्याच्या उजव्या घोट्याखाली ठसठशीत काळा तीळ आहे, तो झाकायचा राहिला. लक्षात आलं तोवर सेट मोडून झाला होता. मग रंगभूषेवाल्याने उलटा उपाय केला. तो उरलेल्या प्रसंगांसाठी रोज नायिकेच्या घोट्याखाली काजळाने तीळ काढू लागला.

चित्रपट चालला, तीळ धावला. प्रेक्षकांची तिळाला पत्रं येऊ लागली. एका मासिकाने विचारलं तेव्हा नायिकेने लाजून सांगितलं, "जन्मखूण आहे."

"मग तू काय केलंस?" लेकीने विचारलं.

"मासिक विकत आणलं. फोटो छान होता माझ्या पायाचा."

तीन वर्षांनी दुसऱ्या एका दिग्दर्शकाला नर्तकीची भूमिका करायला मुलगी हवी होती. दोन प्रसंग, एक नाच, आणि या वेळी चेहऱ्यासकट. आत्या आजोबांना न सांगता गेली. दिग्दर्शकासमोर नाचली. तो खूश झाला. "कुठे लपली होतीस इतके दिवस?" म्हणता म्हणता त्याची नजर खाली गेली.

"हे काय? तिचा तीळ काढून आलीस? मला नक्कल नकोय."

"काढलेला नाही. माझाच आहे."

"सगळ्या असंच म्हणतात. या आठवड्यातली तू चौथी."

ओला बोळा मागवण्यात आला. रंगभूषेवाल्याने घासघास घासलं. कातडी लाल झाली, तीळ जागचा हलला नाही. आता दिग्दर्शकच अडचणीत आला. "खरा असेलही, बाई. पण लोक थोडेच घासून बघणार आहेत? तीळ तिचा, हे जगाला माहीत आहे."

भूमिका दुसऱ्या मुलीला मिळाली. तिला नाचता येत नव्हतं.

"मग नाच कुणी केला?"

"मीच की. तिळावर पट्टी चिकटवून."

"पण खरं काय ते सांगायचं ना सगळ्यांना!"

"सांगायला तोंड लागतं गं. ते वडिलांनी घरी ठेवून घेतलं होतं."

पुढे आत्याने टेलिफोन केंद्रात तीस वर्षं नोकरी केली. तिथे फक्त आवाज. शहराने तिचे पाय पाहिले, तिचा आवाज ऐकला, अख्खी आत्या मात्र शेजाऱ्यांनीच पाहिली.

मी विजयी मुद्रेने लेकीकडे पाहिलं. तेवढ्यात आत्या तिला म्हणाली, "मोजे काढ. पाय दाखव."

लेकीने दाखवले. आत्याने चष्मा लावून दोन्ही घोटे तपासले. "तीळ नाही. सुटलीस. त्या संस्थेत चेहरा दाखवतात का?"

"दाखवतात. पण पहिली दोन वर्षं शेवटच्या रांगेत."

"रांगेचं सोड. मान आणि पाय एकाच बाईचे असतात ना?"

"असतात."

"मग ही गोष्ट हिला कशाला ऐकवतेस?" आत्या माझ्याकडे वळली. "ही तुझ्यासाठी आहे. माझ्या वडिलांनी मला नाही म्हटलं नाही, हेच वाईट झालं. अर्धी सोडली मला. सोडायची तर अख्खी सोड, नाही तर घट्ट धरून बस."

"आत्या, मी तुला हिला समजवायला सांगितलं होतं!"

"समजावलं की. तुला समजलं नसेल तर पुन्हा सांगते. चहा टाक तोवर."

चहा मीच टाकला. तिच्या गुडघ्यांकडे बघत बसले आणि वीस वर्षांनंतरच्या लेकीच्या गुडघ्यांची काळजी आताच करून घेतली. उतरताना जिन्यात लेक एकेक पायरी तालात आपटत होती. मी तिला हळू चाल म्हणाले, तेही नेहमीसारखंच.

सोमवारी सकाळी तिने कंपनीला नकार लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला. फाडून टाकावासा वाटला, पण तो फोनवर होता. मी दोन चुका दुरुस्त केल्या. मग फोन तिच्या हातात देऊन म्हटलं, "खाली नाव राहिलंय. पूर्ण लिही."