राजीखुशी

कुणाला मारायचं असलं की जमादार आधी कमरेचा पट्टा सोडायचा. दरबारचा पितळी बिल्ला त्याच पट्ट्यावर होता. तो माझ्या हाती देऊन म्हणायचा, "अण्णा, ह्ये जरा धरा. बिल्ला लावून मारलं तर सरकारनं मारल्यागत व्हतंय. ह्यो मार माझा हाय."

इतका नेमस्त मारकुटा माणूस तुम्हीही पाहिला नसेल.

मागल्या महाराजांच्या वेळची ही गोष्ट. दरबारानं वेठ बंद केली होती. रस्ता, पूल, बंधारा, कशाचाही ठेका द्यायचा तर ठेकेदाराकडून लिहून घेत, की मजूर राजीखुशीनं आलेला असेल आणि त्याच्यावर हात उचलला जाणार नाही. ते पाळलं जातं की नाही हे बघायला बांधकाम खात्यातून मी आणि जमादार जायचो. मी कारकून. डोकी मोजणं माझं काम, विचारणं त्याचं.

तो जुना मुसलमान पैलवान, शहरातल्या तालमीत वाढलेला. कुस्तीत कान चुरगळलेले, म्हणून ऐकताना मान वाकडी करायचा आणि समोरचा उगीच घाबरायचा. मजूर ओळीनं उभे राहिले की विचारायचा, "राजीखुशीनं आलायसा न्हवं?"

मुकादमानं पढवलेलं असायचं. सगळे एका सुरात म्हणत, "व्हय जी, राजीखुशीनं!"

माझ्यासारखा माणूस तेवढं लिहून परत फिरला असता. जमादार म्हणायचा, "झ्याक. मग जावा की घरी."

कुणी हलायचं नाही.

"जो राजीखुशीनं येतोय, त्यो राजीखुशीनं जातोय बी. पाय कुणी धरल्यात तुमचं?"

मग सगळ्यांच्या नजरा मुकादमाकडे वळत, आणि जमादाराचा हात पट्ट्याकडे.

एका बंधाऱ्यावर मुकादमानं आमच्यादेखत एका बाईच्या पाठीत लाथ घातली. जमादारानं पट्टा माझ्याकडे दिला, मुकादमाला उचलला आणि दगडांच्या ढिगावर असा आपटला की त्याचे दात तोंडातून आधी बाहेर आले, ओरडणं मागून. मग पट्टा बांधून, हात जोडून म्हणाला, "पावणं, सरकारी कामावर मारामारी करायची न्हाय. करारात हाय." मी छत्रीआड तोंड लपवून हसलो.

पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या खाणीत मात्र हसू आलं नाही. तिथला मुकादम आसूड बाळगायचा. ओळीतल्या एका तरुणाच्या पाठीला सदरा रक्तानं चिकटलेला होता. त्यानंही "राजीखुशीनं" म्हटलं, पण म्हणताना रडला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती, आणि पहाटे त्याला उंबऱ्यातून ओढून आणला होता.

"मग जा की," जमादार म्हणाला.

तो दोन पावलं चालला. आसूड त्याच्या मानेत बसला. तो पडला तशी दुसऱ्या फटक्याला आसूड वर गेला.

"अण्णा, धरा."

जमादारानं आसुडाचा हात धरून पिरगाळला. हाड मोडल्याचं मला खाणीच्या काठावर ऐकू आलं. ठेकेदाराची माणसं पहारी घेऊन धावली. मी पट्टा उंच धरून ओरडत होतो, "अहो, सरकारी माणूस आहे!" कुणी वर बघितलं नाही. पहार जमादाराच्या बरगडीत बसली, मग गुडघ्यावर. तो बसला, पण एकाची मान काखेत आवळून धरली होती, ती सोडली नाही. रक्त थुंकत मजुरांना म्हणत होता, "बघताय काय? जावा की! जावा!"

आणि ते गेले. आधी तो तरुण, मग सगळी ओळ. मारणारे दमले तेव्हा खाणीत मजूर उरला नव्हता. त्यानंतर तिथं कुणी फिरकलं नाही आणि ठेका बुडाला.

चौकशीत ठेकेदार म्हणाला, "त्याच्या अंगावर पट्टा नव्हता. सरकारी माणूस आम्ही ओळखायचा कसा?"

मी जमादाराला आधीच बजावलं होतं, पट्टा कमरेलाच होता म्हण. साहेबांनी विचारलं तर मान वाकडी करून म्हणाला, "खरं हाय. पट्टा अण्णांच्या हातात व्हता."

मारणारे सुटले.

बाहेर आल्यावर मी चिडलो. तो म्हणाला, "दरबारचा बिल्ला हाय अण्णा. त्येच्यावर खोटं कसं बोलू?"

बरगडीच्या मारानं त्यानं अंथरूण धरलं, ते पुन्हा उठला नाही. मी कचेरीतून रोज त्याच्याकडे जायचो. शेवटच्या दिवसांत तो तरुण बाळाला घेऊन आला होता. बाळाची आई वाचली होती. जमादारानं बाळाचा पाय बोटात धरून पाहिला आणि सोडून दिला.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाला, "अण्णा, खात्यानं धाडलंय व्हय तुम्हाला?"

"नाही."

"राजीखुशीनं?"

"हो."

"मग जावा की घरी."

मी तसाच बसून राहिलो. पट्टा माझ्या मांडीवर होता. त्यानं डोळे मिटले, सुजलेल्या ओठांनी हसला.

"मग? पाय कुणी धरल्यात तुमचं?"