सुई आठची, जेवण अकराचं

१४ मार्चला टेलरमास्तरांना रुग्णालयात नेणाऱ्या टॅक्सीचे ३४६ रुपये नर्सबाईंनी स्वतःच्या पर्समधून दिले. मास्तर महिन्यात दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडले होते. एकटा जीव, साखरेचा आजार, नजर अधू. तिसऱ्यांदा पडले तर वृद्धाश्रम, असा शेरा फाइलवर पडला होता. मास्तरांना त्याचीच धास्ती. शिलाई मशीन तिकडे नेता येणार नव्हतं.

बाई रुग्णालयाच्या. सकाळी आठला घरी जाऊन मास्तरांना इन्सुलिनची सुई द्यायच्या. जेवण आणायची समाजसेवा कार्यालयाची मदतनीस, अकराला. मधल्या तीन तासांत साखर उतरायची आणि मास्तर जमिनीवर. दोन्ही वह्यांत मात्र 'वेळेवर दिले'.

बाईंनी रुग्णालयातल्या आपल्या साहेबांना गाठलं. जेवण आपल्या खात्यात येत नाही, म्हणाले. रस्त्यापलीकडच्या समाजसेवा कार्यालयाचे साहेब म्हणाले, सुई आमच्याकडे नाही.

"सुई आमची, पोट तुमचं," बाई म्हणाल्या. "म्हातारा काय मधोमध फाडून वाटून घ्यायचा?"

दुसऱ्या दिवशी आठला त्यांनी मास्तरांची साखर तपासली, सुई पिशवीतच ठेवली आणि वहीत लाल शाईनं लिहिलं: 'जेवण नाही, म्हणून सुई नाही.' बाकीची घरं उरकून अकराला परत आल्या. मदतनिसीनं डबा उघडला, मगच सुई टोचली.

"ताई, नोकरी जाईल हो," मदतनीस हळूच म्हणाली.

"अठ्ठावीस वर्षांत गेली नाही, ती आता कुठे जातेय?"

चार दिवस हाच क्रम. पाचव्या दिवशी साहेबांनी बोलावलं, मेमोची धमकी दिली.

"द्या ना. फक्त कारण लिहा. उपाशी माणसाला सुई दिली नाही, असं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

त्याच आठवड्यात दोन्ही साहेब मास्तरांच्या स्वयंपाकघरात उभे राहिले. समोरासमोर कार्यालयं, पण भेट पहिलीच. मास्तर म्हणाले, "मापं घेऊन ठेवतो. दोघं परत एकत्र सापडायचे नाहीत."

दहा मिनिटांत ठरलं: जेवण सव्वाआठला, सुई त्याच वेळी, आणि दोघींची मिळून एकच वही, खिळ्याला टांगलेली. खिळा बाईंनी तिथल्या तिथे ठोकला, साहेबांच्या देखत.

मास्तर त्यानंतर पडलेले नाहीत. मशीन खिडकीपाशीच आहे.

टॅक्सीचा खर्च दोन्हीकडून निम्मा निम्मा मंजूर झाला. रुग्णालयाचे १७३ रुपये मिळाले. समाजसेवा कार्यालयाकडून १७३ रुपये येणे बाकी आहे.