दाजींच्या गाडीतला परका पिनियन

राजगुरुनगरच्या पुढचा घाट उतरताना दाजींच्या गाडीची मागची दोन्ही चाकं एकाएकी जाम झाली, याला मी जबाबदार आहे. दाजींचा ना हात चुकला, ना पाय. गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये मी जे बसवलं होतं ते बसवायचं नसतं, आणि बसवताना मला ते पक्कं ठाऊक होतं. अपघातानंतर मी गप्प राहिलो आणि दोष त्यांच्या अंगावर जाऊ दिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे भोसरीचे, जुन्या गावकीतले. आम्ही भावंडं बीडकडची. ताई लग्न होऊन इकडे आली, तिच्यामागोमाग मी आलो, डिप्लोमा केला आणि चाकणला गियर बनवणाऱ्या कंपनीत लागलो. दाजींनी रिटायर होईपर्यंत कंपन्यांच्या स्टाफ बस चालवल्या. तळवडे, निगडी, चाकण, पुन्हा चाकण, पुन्हा निगडी. कंटेनरांच्या रांगेत, पावसात, धुक्यात. "माझ्या गाडीला कदी ओरखडा न्हाई, पाव्हणं," असं ते सांगायचे, आणि ते खरं होतं. त्यांच्याकडे मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं.

बसवर जाण्याआधी ते एका साहेबांचे ड्रायव्हर होते. त्या साहेबांना शर्यतींचा नाद. त्यांची लांब नाकाची, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी परदेशी गाडी निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यामागे शेडमध्ये पडून होती. बंगला विकायला निघाला तेव्हा म्हाताऱ्या साहेबांनी दाजींना बोलावून गाडी त्यांच्या हवाली केली. "हिला तूच ओळखतोस," एवढंच म्हणाले. दाजी तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. गाडी त्यांनी भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये आणून लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिनाचं मी बघतो. मागचं तुमी बघा. तुमी गियरवालं."

मागचं म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांत वाटणारा, वळणावर बाहेरच्या चाकाला जरा जास्त पळू देणारा तो लोखंडी गोळा. गाडीतला मूळचा पार झिजला होता. आम्ही तीन पर्याय बाकावर ओळीने मांडले. एक मूळचाच, नवी बेअरिंग टाकून पुन्हा बांधायचा. दुसरा कुणा शर्यतवेड्या पोरानं आतून वेल्डिंग करून टाकलेला. त्यात दोन्ही चाकं कायम एकत्र फिरतात. तिसरा परदेशी भंगारातून आलेला, आत घर्षणाच्या चकत्या असलेला. एक चाक घसरायला लागलं की तो दुसऱ्याला ओढ देतो. शिवाय त्याच्या दातांचं गणित असं की गाडी पहिल्या गियरपासून उसळणार.

वर्कशॉपचा मालक बडबड्या माणूस. वेल्डिंगवाल्या गोळ्यावर चापट मारून म्हणाला, "हा टाका भाऊ, बापजन्मात तुटणार नाही."

"आन वळनावर टायर खानार त्याचं काय? तू देनार टायर?" दाजी म्हणाले.

"दाजी, तुम्ही आता म्हातारे झालात, वळणं कशाला घेताय, सरळ चालवा की."

सगळे हसलो. दाजींचा कौल मूळच्या गोळ्याकडे होता. "जुना हाय, पन वळखीचा हाय," ते म्हणाले. मीच तिसऱ्यासाठी हट्ट धरला. शर्यतीच्या गाडीला शर्यतीचा डिफरन्शियल हवा, तुम्ही बस चालवून चालवून गाडी चालवणं विसरलात, असं काहीबाही बोललो. दाजी जरा वेळ गोळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमी म्हनताय तर तसं." ते माझ्यावर सोपवून मोकळे झाले.

डिफरन्शियलच्या आत दोन दातचक्रं असतात. मोठं ते क्राउन, लहान तो पिनियन. आमच्या कंपनीत ही दोन्ही एकमेकांवर घासून तयार होतात. एका क्राउनवर घासलेला पिनियन फक्त त्याच क्राउनचा. दोघांवर एकच नंबर कोरायचा, तारेनं एकत्र बांधायचं आणि तसंच पुढे पाठवायचं. लाइनवरचे लोक म्हणायचे, लग्न लागलं. तार तुटून दोन पिनियन एकमेकांत मिसळले तर दोन्ही जोड्या भंगारात जायच्या, कितीही चांगल्या दिसल्या तरी. नवीन पोरांना मीच शिकवायचो: जोडी मोडायची नाही. दाजींनाही हे मी जेवताना चमचा-वाटी घेऊन समजावलं होतं.

तिसरा गोळा उघडला तेव्हा पिनियनच्या टोकाचे आटे गेलेले निघाले. नट धरेना. तिथं माघार घेता आली असती. मूळचा गोळा बाकावरच होता. पण दसरा जवळ आला होता, दाजींनी ताईला दसऱ्याला गाडीतून फिरवायचं कबूल केलं होतं, आणि हट्ट माझा होता. चिखलीच्या भंगारबाजारात मला तेवढ्याच दातांचा, त्याच घडणीचा दुसरा पिनियन मिळाला. त्याच्या टोकावर वेगळा नंबर होता. मी तो अंगठ्यानं पुसला, जणू धूळच आहे.

खंडेनवमीच्या सकाळी मी गोळा बांधला. बांधल्यावर दात कुठे टेकतात ते बघायचं असतं. कंपनीत आम्ही निळा रंग लावतो. भोसरीच्या शेडमध्ये तेलात कालवलेला शेंदूर होता. दातांना शेंदूर लावून चक्र फिरवलं. इंजिन ओढतं त्या बाजूचा ठसा दाताच्या मधोमध, बरा आला. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, उतारावर, जोर पलीकडच्या बाजूवर येतो. त्या बाजूचा ठसा दाताच्या अगदी कडेला, नखाएवढा. दोन चक्रांमधलं अंतर ठरवणाऱ्या पातळ चकत्या मी बदलून पाहिल्या. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडायची. परक्या जोडीचं असंच होतं, हे मला शिकवायला कुणी यायची गरज नव्हती.

तोवर शेडमध्ये पूजेची तयारी चालली होती. पाने, हातोडे, ड्रिल मशिन पुसून एका सतरंजीवर मांडले जात होते. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा तिथला नेम. मालक ओरडला, "भाऊ, तुमचा पानासुद्धा द्या इकडं, फूल वाहायचंय!" दाजी ताईनं ओवलेली झेंडूची माळ घेऊन आत आले. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी विचारलं, "कसा आलाय ठसा?"

मी फडकं फिरवून शेंदूर पुसून टाकला. "झकास," म्हणालो.

पूजेआधी गोळा गाडीत चढला. दाजींनी त्याला हळद-कुंकू लावलं, बोनेटला माळ घातली. नारळाचं पाणी चाकाखाली सांडलं. मी हात जोडून उभा होतो आणि मनात एकच शब्द घोळत होता: बसेल. नव्यानं जुळवलेले दात थोडे चालले की आपोआप बसतील.

दसऱ्याला गाडी खरोखर उसळली. स्पाइन रोडवर दाजी लहान मुलासारखे हसत होते. ताई पुढे बसली होती, पदर दातात धरून. मी मागे. दाजींनी सिग्नलला पाय काढला आणि माझ्या पाठीखालून एक बारीक, लांबट आवाज उठला. पाय पुन्हा ठेवला की बंद. काढला की पुन्हा.

"ही कण्हतेय का रे?" ताईनं मागे वळून विचारलं.

"पाव्हणं, आवाज हाय," दाजी म्हणाले.

"नवीन आहे दाजी. बसेल."

तो आवाज मग माझी पाठ सोडेना. कंपनीत टेस्ट बेंचवर गियर फिरायला लागले की मी दचकायचो. रस्त्यात एखादा ट्रक उताराला लागून गुरगुरला की अंगावर काटा यायचा. दाजी मात्र ओढीवरच चालवायचे. सपाट रस्ता होता, गाडी छान चालली. काही आठवड्यांनी मी तेल बदलायला लावलं. काळं तेल परातीत उतरलं आणि त्यात उन्हानं चांदीसारखी चमक आली. लोखंडाचा बारीक कीस. दाजी शेजारी उकिडवे बसले होते.

"एवढं चमकतंय?"

"सुरुवातीला येतंच," मी म्हणालो आणि परात उचलून मागच्या नाल्याकडे नेली. त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं की गाडी बाहेर काढू नका. वर्कशॉपच्या मालकासमोर, दाजींसमोर, माझ्या तोंडून ते निघालं नाही.

मंचरकडे ताईच्या नणंदेच्या घरी साखरपुडा होता. दाजींनी गाडी धुऊन ठेवली. "चला की, मागं जागा हाय," म्हणाले. मी म्हणालो ओव्हरटाइम लागलाय. ओव्हरटाइम नव्हता. मला घाट माहीत होता. उतारावर पाय काढून उतरावं लागतं आणि सगळा जोर त्या कडेच्या ठशावर येणार, हेही माहीत होतं. मी त्या गाडीत बसलो नाही. माझी बहीण बसली.

जाताना काही झालं नाही. येताना घाट उतरताना एक दात निखळला आणि दोन चक्रांच्या मध्ये अडकला. मागची चाकं थांबली, गाडी आडवी फिरून कठड्याला लागली. दाजींना खरचटलं. ताईचा उजवा खांदा दारावर आपटून मोडला.

गाडी टेम्पोवर घालून भोसरीला आणली. गोळा मी एकट्यानं उघडला. वर्कशॉपचा मालक चहाला गेला होता, तेवढी सवड मला पुरली. तुटलेला दात, क्राउन आणि पिनियन मी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकले. दाजी हाताला पट्टी बांधून आले तेव्हा मी हात धूत होतो.

"काय झालं हुतं?"

"दाजी," मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "उतारावर गियर खालचा पडला असेल तुमच्याकडून. एकदम. झटक्यानं दात गेला."

त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. म्हणाले, "आसंल. मला न्हाई आठवत. आसंल तसं."

मी रचलेला दोष त्यांनी स्वतःचा म्हणून घेतला. गाडी त्यांनी देऊन टाकली. त्यानंतर कुणाच्या गाडीत बसले तर मागे बसायचे. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी गाडी बाजूला घ्यायला चावी पुढे केली तर हात मागे घेतले. ताईचा हात खांद्याच्या वर जात नाही. फडताळावरचा डबा काढायला ती दाजींना हाक मारते आणि हसत म्हणते, "या ड्रायव्हरसाहेब, तुमच्या वेगाचा प्रसाद भोगतेय मी." ती चेष्टा करते. दाजी डबा काढून देतात. मी कितीदा तिथं बसलेला असतो, हातात चहाचा कप घेऊन.

दरवर्षी खंडेनवमीला दाजी देव्हाऱ्यासमोर आपलं लायसन ठेवायचे. बस सोडल्यावरही तो नेम मोडला नव्हता. गेल्या खंडेनवमीला मी गेलो तेव्हा पाटावर ताईची विळी होती, कात्री होती, माझ्यासाठी मुद्दाम मांडलेली जुनी मोजपट्टी होती. लायसन नव्हतं.

"अहो, विसरलात का?" ताईनं विचारलं.

"मुदत संपली त्याची. आता न्हाई काढनार."

"का म्हणून? दृष्टी चांगली आहे तुमची."

"ज्या हातानं तुला पाडलं त्याची पूजा कशापायी करू?" ते इतकं साधेपणानं म्हणाले की ताईच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. "ऱ्हाऊ दे आता. झालं ते झालं," ते पुढं म्हणाले.

मी उठलो. माझी गाडी घेऊन घरी आलो. माळ्यावरच्या ट्रंकेतली पिशवी काढली आणि परत भोसरीला गेलो. वाटेत दोनदा थांबलो. दोन्ही वेळा वळून जावंसं वाटलं.

दोघंही अजून तिथंच होते. ताई नैवेद्याचं ताट झाकत होती. मी फडकं सोडून क्राउन आणि पिनियन पाटावर, विळीच्या शेजारी ठेवले. तेल सुकून काळं झालं होतं. दातांच्या मुळाशी शेंदूर अजून होता.

"दाजी, दोन्हींवरचे नंबर वाचा."

त्यांनी चष्मा लावला. क्राउन उजेडाकडे धरला, मग पिनियन. पुन्हा क्राउन. चमचा-वाटी त्यांना आठवली असावी, कारण त्यांनी दोन्ही खाली ठेवले आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"काय आहे रे हे?" ताई म्हणाली.

"जोडी न्हाई ही," दाजी हळूच म्हणाले. "वेगळी हायेत."

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "बसवताना माहीत होतं. ठसा चुकीचा आला होता, तुम्ही बघायच्या आत मी तो पुसला. तेलात कीस आला तेव्हाही माहीत होतं. त्या दिवशी ओव्हरटाइम नव्हता ताई, मला भीती वाटत होती म्हणून मी आलो नाही, आणि तुला जाऊ दिलं. गियर खालचा पडला हे मी रचलं. दाजी, तुमच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. तुमच्या गाडीला ओरखडा मी पाडला. ताई, तुझा हात माझ्यामुळे गेला. मला माफ करा, दाजी. ताई, मला माफ कर."