बाईची जागा

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. नोकरीसाठी लोक पुढाऱ्यांच्या ओट्यावर बसतात, नवस बोलतात. मी मुलाखतीत टेबलावर हात आपटून हातची नोकरी घालवली. वर टाळ्याही घेतल्या!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात 'स्त्री आणि आदिवासी अभ्यास' असा विभाग होता. तिथं प्राध्यापकाची जागा निघाली. मी एम.ए., जंगलातल्या गावांत हिंडून मोडकीतोडकी गोंडी शिकलेला. माझ्याशिवाय कोणाला घेणार?

कुंदाला. ती माझ्याच वर्गातली, गुण माझ्यापेक्षा जास्त, गोंडी तर अशी की गावातल्या म्हाताऱ्या तिला सोडत नसत. आमचं लग्न ठरायचं होतं. तिच्या बाबांची अट एकच: "घरात एक नोकरी पाहिजे." म्हणून मीच कुंदाला म्हटलं, तू अर्ज करू नको, आपल्यात स्पर्धा कशाला? स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारा मी! ती हसली, आणि अर्ज केला नाही.

मुलाखतीच्या दिवशी मला एका जागी बसवेना. व्हरांड्यात फेऱ्या मारून कंटाळलो आणि कार्यालयातल्या बाबूला गाठलं. ही जागा हंगामी की कायम?

बाबू पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "ते बाईची जागा आहे ना भाऊ. ते..."

पुढचं ऐकायला थांबेल तो मी कसला?

बाईची जागा! म्हणजे स्त्रीसाठी राखीव, आणि हे लोक गुपचूप पुरुषाला घेताहेत! माझं डोकं तापलं. शिपायानं नाव पुकारलं तसा आत गेलो, खुर्चीत बसलोच नाही.

"मोहफुलं वेचते बाई," टेबलावर हात आपटून मी सुरू झालो, "तेंदूपत्ता तोडते बाई, आणि तिच्याबद्दल शिकवणार पुरुष? ही जागा बाईचीच आहे, तिलाच द्या. मी माघार घेतो!"

प्राचार्यांनी चष्मा काढला. समितीतल्या एक वयस्क बाई टाळ्या वाजवू लागल्या, मग सगळेच. प्राचार्य म्हणाले, उमेदवार असावा तर असा. पुन्हा जाहिरात देऊ, फक्त महिलांसाठी.

मी छाती काढून बाहेर आलो. बाबूचं पान लावून झालं होतं.

"काऊन भाऊ, इतक्या लवकर? उमेदवार तर तुमीच एकटे होते."

"ही बाईची जागा आहे, तुम्हीच म्हणालात ना!"

"मंग? आधीच्या बाई नागपूरले गेल्या ना, त्यायची जागा. तुमी मले बोलूच कुठी दिलं?"

शिकवणाऱ्या बाई! आपल्याकडे शाळा-कॉलेजात बाई म्हणजे दुसरं काय असतं, सांगा!

नवी जाहिरात आली. या वेळी कुंदानं मला विचारलंच नाही. अर्ज केला, जागा मिळवली, आणि घरी जाऊन बाबांना म्हणाली, "घरात एक नोकरी पाहिजे म्हटलं होतं तुमी. कोणाची, ते कुठी म्हटलं?"

लग्न झालं. पुढे एकदा ती डबा विसरली, तो द्यायला कॉलेजात गेलो. ती वर्गावर होती. दमलो होतो, तिच्या विभागात समोर दिसली त्या खुर्चीत टेकलो.

बाबू दारातूनच म्हणाला, "उठा भाऊ. ते बाईची जागा आहे."

या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि उठलो.