रिपीटरला थंडी बाधली म्हणे

हॅम रेडिओवाल्यांनो, आज सकाळी कामोठ्याच्या गच्चीवरचा आपला रिपीटर बंद पडला. आपल्या वायरलेस सेटचा आवाज लांब पोचवतो तोच. ग्रुपवर लगेच निदान झालं: थंडीने बॅटरी डाऊन झाली असेल.

वर गेलो. बॅटरी ठणठणीत. अँटेनाच्या केबलचा जोड उघडला, तर आतून हिरवट पाणी गळलं. वरची टेप कधीच सुटलेली, रोजचं दव आत मुरत होतं.

रोज सकाळी सेटवर येणाऱ्या सावंतकाकांना फोन केला. म्हणाले, "खरखर बरेच दिवस होती रे. पण सकाळी सकाळी कुणाला नाराज कशाला करायचं?"

आणि रोज सकाळी सेटवर एकमेकांना काय सांगतो आपण? "आवाज एकदम क्लियर." किळस आली मला, त्या पाण्यापेक्षा याची.

उद्या फोन बंद पडल्यावर पुरात अडकलेला कोणी याच सेटवर खरखरत हाक मारेल, त्यालाही हेच सांगणार का?